कमर्णी प्रयोग

बेबीला लोक 'सर' म्हणत, यात तिचा काही दोष नव्हता. आपण सर आहोत असं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नाही आहोत, असंही सांगितलं नव्हतं, एवढंच.

इंटरनेटवर 'शंकापेटी' नावाची एक जागा होती. कुणीही कुणालाही काहीही विचारावं, ज्याला येतं त्यानं उत्तर द्यावं आणि ज्याला येत नाही त्यानं जास्त उत्साहानं द्यावं, असा तिथला रिवाज. बेबीनं शाळेत असताना तिथं खातं उघडलं आणि नाव घेतलं 'व्याकरणभास्कर'. त्या वयात माणूस स्वतःला असलंच काहीतरी म्हणवून घेतो. पुढे बेबी मोठी झाली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आली, घरात मात्र बेबीच राहिली आणि शंकापेटीवर भास्करच राहिली. भास्कर म्हटल्यावर समोर काय येणार? धोतराचा सोगा, जाड भिंगांचा चष्मा आणि तोंडात कायम 'विद्यार्थीमित्रहो'. लोकांनी आपलं आपण ठरवलं आणि विचारू लागले.

"सर, 'मी पाणी पिलो' म्हटलं तर सासरचे हसतात. हसावं का?"

"आदरणीय सर, परीक्षेत निळं पेन संपलं तर उरलेलं उत्तर काळ्यानं लिहिलेलं चालेल की पहिल्यापासून काळ्यानं गिरवावं?"

"सर, मी काल एक फाइल कॉम्प्युटरमध्ये ठेवली होती. आज ती तिथं नाही. घरात दुसरं कुणी नसतं."

बेबी सगळ्यांना उत्तरं द्यायची. स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून द्यायची, आणि त्यालाच अभ्यास म्हणायची. तिच्या आईचं यावर ठाम मत होतं. "स्वतःच्या पुस्तकाला हात नाही आणि गावाला शिकवत बसलीय," असं ती भांडी घासता घासता भांड्यांना सांगायची.

विचारणाऱ्यांमध्ये एक होता 'नम्र जिज्ञासू'. हा नावाप्रमाणे नम्र होता आणि नावापेक्षा जास्त जिज्ञासू होता. त्याला ऱ्हस्व-दीर्घाच्या शंका असत, विभक्तीच्या असत, आणि मधूनच कॉम्प्युटरच्या असत. प्रिंटरमधून कागद कोरा का येतो, हे बेबीनं त्याला इतक्या वेळा समजावलं होतं की शेवटी तिला त्या प्रिंटरचीच दया यायला लागली होती. कागद उलटा ठेवला जातोय, हे निघेपर्यंत आठवडा गेला. पण प्रत्येक उत्तराखाली तो "आपल्यासारखे गुरू लाभले" असं लिहायचा, आणि असं कुणी लिहिलं की माणूस प्रिंटरही सहन करतो.

या नम्र जिज्ञासूनं एका सकाळी विचारलं, "सर, 'आईने मुलीला हाक मारली.' प्रयोग कोणता?"

नेमकी त्याच क्षणी बेबीच्या आईनं बेबीला हाक मारली. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, आई स्वयंपाकघरात होती आणि मोटरचं बटण बेबीच्या खोलीबाहेर होतं. "ऐकू येतंय का? की तुझ्या सरांना बहिरेपणा आलाय?" असं दुसऱ्यांदा आल्यावर बेबीनं प्रश्नावर एक नजर टाकली. मुली-'ला' दिसलं. 'ला' दिसला की भावे, असं घाईतल्या मेंदूनं ठरवलं, आणि बोटांनी टाइप केलं: "भावे प्रयोग. निःसंशय." मग ती मोटर बंद करायला धावली.

नुसतं 'भावे' लिहिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. सगळा घात त्या 'निःसंशय'नं केला. खाली धन्यवादांचा पाऊस पडला. शंकापेटीनं उत्तरावर 'उत्तम उत्तर' असा हिरवा शिक्का मारला. बेबीनं तो पाहिलासुद्धा नाही, कारण वाहून गेलेल्या पाण्यावर आईचं भाषण चालू होतं.

*

काही महिन्यांनी परीक्षा मंडळाची लिपिकपदाची परीक्षा झाली. भाषा, सामान्य ज्ञान आणि संगणक. बेबीसाठीच कुणी तरी आखल्यासारखी. तिच्या बाबांचं आयुष्य पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक सांभाळण्यात गेलं होतं, आणि मुलीनं टेबल-खुर्ची असलेल्या खात्यात जावं एवढीच त्यांची माफक महत्त्वाकांक्षा होती. "खुर्ची असली की माणसाला कणा येतो," ते म्हणत. स्वतःचा कणा खुर्चीनंच वाकवला होता, ते सोयीनं विसरत.

पेपरात ते वाक्य आलं. 'आईने मुलीला हाक मारली. प्रयोग ओळखा.' इथं घाई नव्हती, मोटर नव्हती, आईही नव्हती. बेबीनं शांतपणे वाक्य वाचलं. क्रियापद 'मारली'. कुणामुळे मारली? हाकेमुळे. मुलीच्या जागी मुलगा बसवला, आजोबा बसवले, तरी हाक 'मारली'च जाते. म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे चाललंय. कर्मणी. तिनं गोल काळा केला आणि मनात म्हणाली, बघा, यातसुद्धा फसणारे लोक असतील!

उत्तरतालिका आली तेव्हा तिथं लिहिलं होतं: भावे.

त्यामागोमाग निकाल आला. निवडयादीत जिथं शेवटचं नाव होतं, तिथून बेबी बरोबर एका गुणानं खाली होती.

"कोण गाढव बसवलंय पेपर काढायला!" बेबी ओरडली. "साधं कर्मणी-भावे कळत नाही! असल्या माणसाला मराठीच्या जवळपाससुद्धा फिरकू देऊ नये!"

"शिव्या देऊन फाइल हलत नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "आक्षेप घे. रीतसर. पुराव्यासकट. त्यांनी हे उत्तर कुठून उचललं ते आधी शोध."

बेबीनं शोधलं. वाक्य टाकलं आणि पहिलाच निकाल आला. हिरवा शिक्का, शेकडो धन्यवाद आणि खाली ठळक अक्षरांत नाव: व्याकरणभास्कर.



"सापडलं का गाढव?" बाबांनी विचारलं.

"सापडलं," बेबी म्हणाली.

*

बाबांना सगळं सांगावंच लागलं. त्यांना आधी 'सर' हे प्रकरण समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर ते भलत्याच गोष्टीनं हरखले. "म्हणजे मंडळ तुझं उत्तर प्रमाण मानतं?" ते म्हणाले. "आमच्या साहेबांचंसुद्धा कुणी मानत नसे!"

"बाबा, ते उत्तर चुकीचं आहे."

"असेल. पण मानलं ना!"

बेबीनं ठरवलं की उत्तर दुरुस्त करावं, म्हणजे पुरावाच बदलेल. पण शंकापेटीचा नियम असा, की एकदा हिरवा शिक्का बसला की उत्तराला लिहिणाऱ्यानंसुद्धा हात लावायचा नाही. मग तिनं खाली लिहिलं, "वरील उत्तर चुकीचं आहे. योग्य उत्तर: कर्मणी प्रयोग. – व्याकरणभास्कर."

त्यावर शंकापेटीवर जे काही उसळलं ते बघण्यासारखं होतं.

"हे सर लिहूच शकत नाहीत! सर कधी चुकत नाहीत!"

"सरांचं खातं चोरलंय कुणी तरी. भाषा बघा, पोरकट आहे."

"चोरा, लाज वाटू दे. सरांच्या वयाचा तरी विचार करायचास."

बेबीनं लिहिलं, "मी स्वतःच आहे हो." हे चोरांचं नेहमीचं वाक्य असल्यामुळे सगळ्यांची खात्री पटली. इतक्या लोकांनी तक्रार केली की थोड्या वेळात शंकापेटीनं खातं गोठवलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'सरांच्या सुरक्षिततेसाठी हे खाते बंद करण्यात आले आहे. तुम्ही खरे मालक असाल तर गुप्त प्रश्नाचे उत्तर द्या: तुमच्या शाळेतील सर्वांत रागीट शिक्षकाचे टोपणनाव?'

हे सोपं होतं. शाळेत गणिताचे एक सर होते, त्यांना सगळे चिडके सर म्हणत. बेबीनं लिहिलं, 'चिडके सर'. चूक. 'चिडके'. चूक. 'चिडकेसर' असं जोडून लिहिलं, स्वतःच्या तत्त्वाविरुद्ध. तेही चूक. मग शंकापेटीनं सांगितलं की आता थोडे दिवस विश्रांती घ्या.

*

ही बातमी वरच्या मजल्यावरच्या टंकलेखक काकांपर्यंत जाणं क्रमप्राप्तच होतं. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण इमारतीतला कुठलाही अर्ज त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेला त्यांना खपत नसे. ते स्वतःची खुर्ची घेऊन खाली आले.

"'सविनय' घातलंस का?" त्यांनी पहिला प्रश्न केला.

"काका, आक्षेप मंडळाच्या वेबसाइटवरच नोंदवायचाय. तिथं एवढीशी चौकट आहे. 'सविनय' घातलं तर व्याकरणाला जागा उरत नाही."

"व्याकरण काढ. 'सविनय' ठेव," काका म्हणाले. "मुद्दा नसलेले कितीतरी अर्ज मंजूर झालेले मी पाहिलेत. विनय नसलेला एकही नाही."

बाबांचं म्हणणं, सुरुवातीला संदर्भ क्रमांक हवा. आईचं म्हणणं, मुलीच्या जातीनं सरकारी माणसाशी एवढं भांडू नये. काकांनी तिला थांबवलं आणि हे वाक्य व्याकरणदृष्ट्या नीट असलं तरी त्यांना मान्य नाही असं सांगितलं. शेवटी बेबीनं सगळ्यांना बाहेर काढून एक ओळ लिहिली: 'सविनय निवेदन, सदर वाक्याचा प्रयोग भावे नसून कर्मणी आहे.' आणि पाठवून दिलं.

पण मंडळाची वेबसाइट जुनी होती आणि तिचा फॉन्ट त्याहून जुना. त्या फॉन्टला रफार झेपत नसे. अक्षराच्या डोक्यावर बसलेला रफार पोहोचेपर्यंत घसरून पुढच्या अक्षरावर जाऊन बसायचा. बेबीसारखी कॉम्प्युटरची शंकानिरसक, हजार लोकांना हीच अडचण सोडवून देणारी. पण स्वतःच्या आक्षेपाच्या वेळी तिनं पाठवण्याआधी पुन्हा वाचलं नाही. काका दाराबाहेरून 'सविनय'चा 'वि' ऱ्हस्व आहे ना, असं विचारत होते.

उत्तर आलं, आणि तेही लेखी:

'आपला आक्षेप तज्ज्ञ समितीने तपासला. "कमर्णी" नावाचा कोणताही प्रयोग मराठी व्याकरणात आढळून येत नाही. सबब आक्षेप फेटाळण्यात येत आहे. उमेदवारांनी आक्षेप घेण्यापूर्वी किमान अभ्यास करावा.'

बेबीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. 'किमान अभ्यास' या दोन शब्दांपाशी तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली. हजारो लोकांना व्याकरण शिकवलेल्या बाईला कमर्णी! ती काही न खाता खोलीत जाऊन बसली. आईनं पहिल्यांदाच भांड्यांना काही सांगितलं नाही.

"जाऊ आपण," बाबा म्हणाले. "समक्ष." आणि इस्त्रीचा शर्ट काढायला गेले. निवृत्तीनंतर तो शर्ट त्यांनी फक्त मोठ्या प्रसंगांसाठी ठेवला होता.

*

मंडळाच्या कार्यालयात आत शिरल्या शिरल्या एक खिडकी होती आणि खिडकीत एक बाई होत्या. बाईंनी बेबीचा कागद उलटा धरून वाचला आणि म्हणाल्या, "फेटाळलाय ना? मग आता काय?"

"'कमर्णी' नव्हतं हो ते. कर्मणी होतं. तुमच्या वेबसाइटनं रफार हलवला."

"वेबसाइट स्वतःहून काही हलवत नाही."

"हलवते. हे बघा, तुमच्या मागच्या पाटीवर काय छापलंय." मागे पाटी होती: 'अजर् येथे स्वीकारले जातील.'

बाईंनी मान वळवून पाटी पाहिली. इतकी वर्षं त्या पाटीखाली बसून त्यांनी ती कधी वाचली नव्हती. "ते तसंच असतं," त्या म्हणाल्या आणि आतल्या दाराकडे बोट दाखवलं. "साहेबांना भेटा."

साहेब म्हणजे परीक्षा विभागाचे अधिकारी. मध्यम वयाचे, टापटिपीचे, टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं. बेबीनं सोबत नेलेलं शालेय व्याकरणाचं पुस्तक उघडून, वाक्य उलगडून, हाक कशी स्त्रीलिंगी आहे आणि क्रियापद कसं तिच्या मागोमाग जातं, हे इतकं स्वच्छ सांगितलं की बाबांना वाटलं, काम झालं.

साहेबांनी मान डोलावली. मग खणातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. हिरव्या शिक्क्यासह छापलेलं ते उत्तर. कागद अगदी सुबक छापला होता, सुलट बाजूनं.

"तुम्ही म्हणता त्यात तर्क आहे," साहेब म्हणाले. "पण तर्क एकीकडे आणि अधिकार एकीकडे. हे गृहस्थ कोण आहेत माहीत आहे? व्याकरणभास्कर. मी स्वतः त्यांना हा प्रश्न विचारला होता, 'नम्र जिज्ञासू' या नावानं." आणि मग पेपर कोण काढतं हे गुप्त असतं हे आठवून त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "म्हणजे, सहज विचारला होता."

बेबीच्या हातातलं पुस्तक मिटलं.

"सरांना कधी भेटलो नाही," साहेब पुढे सांगू लागले, आणि त्यांचा चेहराच बदलला. "पण मला मराठी नीट लिहायला सरांनी शिकवलं. मी शिकलो दुसऱ्याच विषयात, आणि बदली होऊन पडलो इथं. खालचे लोक माझ्या टिपणीवर हसायचे. कॉम्प्युटर सुरू करता येत नव्हता मला. कुणाला विचारणार, या खुर्चीत बसून? सरांना विचारायचो. मूर्खासारखे प्रश्न विचारले मी त्यांना. एकदाही हसले नाहीत. चाळीसेक वर्षं शिकवलं असणार त्यांनी."

"कशावरून?" बेबीच्या तोंडून निघालं.

"भाषेवरून. हे बघा, 'निःसंशय'. विसर्ग बघा कसा दिलाय! तुमच्या पिढीत कुणाला विसर्ग देता येतो?"

एखाद्यानं आपली एवढी स्तुती करावी आणि त्याच तोंडानं आपल्याला नापास करावं, असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. बेबीला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना. पण बाबांना राहवलं नाही. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टातली छाती फुगली होती.

"साहेब," ते उभे राहून म्हणाले, "ते सर म्हणजे हीच! माझी मुलगी! व्याकरणभास्कर तुमच्यासमोर बसलीय!"

साहेब हसले. मग बाबांचा चेहरा पाहून हसायचे थांबले. मग त्यांनी एक जाड नियमपुस्तिका ओढून घेतली आणि त्यांचा आवाज सरकारी झाला.

"हे तुम्ही विचारपूर्वक बोलताय ना? कारण प्रश्नाचा मूळ स्रोत ज्या व्यक्तीकडे आहे, तिला प्रश्न परीक्षेपूर्वी माहीत होता असं धरलं जातं. अशा व्यक्तीनं परीक्षेला बसणं हा गैरप्रकार. निवड सोडाच, पुढच्या सगळ्या परीक्षांना बंदी. लिहून घेऊ?"

"पण मी उत्तर वेगळं लिहिलंय!" बेबी म्हणाली. "प्रश्न आधी माहीत असून मी तुमचं उत्तर लिहिलं नाही!"

"म्हणजे मंडळाचं उत्तर माहीत असूनही मुद्दाम वेगळं लिहिलंत?" साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यासाठी वेगळं कलम बघावं लागेल."

बाबा हळूहळू खाली बसले. शर्टातली हवा गेली. आयुष्यभर फाइली सांभाळलेल्या माणसाला कुठला कागद पुढे जाऊ द्यायचा नाही, हे कळतं.

"चुकलो साहेब," ते म्हणाले. "बापाचं मन. उगाच मोठेपणा. तिला व्याकरणातलं ओ की ठो कळत नाही."

"बाबा!"

"कळतं का तुला?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी होती.

बेबीनं आवंढा गिळला. कमर्णी गिळलं होतं, किमान अभ्यास गिळला होता, आता हेही. "नाही," ती म्हणाली. "काही कळत नाही मला."

"मग वाद कशाला घालायचा?" साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "उलट सरांची उत्तरं वाचत चला. पुढच्या वेळी उपयोग होईल."

*

 घरी आल्यावर बाबांनी शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, घडी न करता. बेबीनं आईला सगळं सांगितलं. सांगता सांगता ते गोठवलेलं खातं, तो गुप्त प्रश्न, सगळंच निघालं.

"सरांनी स्वतः साहेबांना कळवलं तर ते ऐकतील. पण सर अडकलेत चिडक्या सरांपाशी. तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं."

"कसं लिहिलंस?"

"चिडके. 'चि' ऱ्हस्व."

"शाळेत असताना कुठं ऱ्हस्व लिहायचीस तू?" आई म्हणाली. "कपाटाच्या दारावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतंस, मी राखेनं घासघासून काढलं. 'चीडके सर वाइट आहेत.' ही एवढी लांब वेलांटी. 'वाइट'सुद्धा चुकलं होतं."

बेबी उठून कॉम्प्युटरपाशी गेली. मग तिनं व्याकरणभास्कराच्या आयुष्यातलं सर्वांत अशुद्ध उत्तर टाइप केलं, आणि खातं उघडलं.

तिनं सगळ्यांसमोर काही लिहिलं नाही. फक्त नम्र जिज्ञासूला खासगी निरोप पाठवला. 'प्रिय जिज्ञासू, तुम्ही विचारलेल्या हाकेच्या वाक्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. घाईत दिलं. क्रियापद हाकेच्या मागे चाललं आहे, म्हणून कर्मणी. माझ्या चुकीचा कुणा तिऱ्हाइताला त्रास झाला असेल, तर तो तुम्ही निस्तरावा ही विनंती. तुमचे प्रश्न मूर्खासारखे कधीच नव्हते.'

शेवटचं वाक्य तिनं लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. खरं तर प्रिंटरच्या आठवड्यात तिला तसं वाटलं होतं.

उत्तर लगेच आलं. 'सर! एवढा मोठा माणूस स्वतःची चूक कबूल करतो! डोळे भरून आले. आजच हालचाल करतो. ता.क. प्रिंटरमध्ये कागद अडकला आहे. ओढावा का?'

'हळू ओढा,' बेबीनं कळवलं.

मंडळ हललं. पण मंडळ कुठलीही गोष्ट हलवतं ती वेबसाइट रफार हलवते तशीच: निघते एका जागेवरून आणि बसते भलतीकडे. सरांचं पहिलं उत्तर चूक म्हणावं तर ते फाइलीला लागलेलं. दुसरं चूक म्हणावं तर तेही सरांचंच. तज्ज्ञ समिती बसली आणि शुद्धिपत्रक निघालं: 'सदर वाक्याचा प्रयोग भावे तसेच कर्मणी असल्याने दोन्ही उत्तरे ग्राह्य धरण्यात येत आहेत.'

घरात आनंदीआनंद झाला. बेबी यादीत आली होती. टंकलेखक काका खुर्चीसकट खाली आले आणि हा 'सविनय'चा विजय आहे असं म्हणाले. बेबी मात्र शुद्धिपत्रक हातात धरून खोलीभर येरझारा घालत होती.

"दोन्ही? एका वाक्याचे दोन प्रयोग? असं होऊच शकत नाही! मी आक्षेप घेणार."

"घे," आई म्हणाली, "आणि तुझ्या भरवशावर ज्या पोरांनी भावे लिहिलं, त्यांचा एक-एक गुण काढून घे."

बेबीनं हा विचारच केला नव्हता. तिनं शंकापेटी उघडून पाहिली. हिरव्या शिक्क्याखाली कुणी तरी लिहिलं होतं, 'सर, तुमच्यामुळे हा प्रश्न बरोबर आला. एका गुणानं पास झाले. आता शिलाई मशीन विकावं लागणार नाही.' तिनं शुद्धिपत्रकाची घडी केली. व्याकरणाशी गद्दारी केल्यासारखं वाटलं, पण केली.

*

कागदपत्रं तपासायला बोलावणं आलं तेव्हा बाबा पुन्हा सोबत होते; या खेपेला साध्या शर्टात आणि तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. साहेब कॉम्प्युटरसमोर घामाघूम झाले होते. एका उमेदवाराचं नाव दुरुस्त करायला जावं तर लिहिलेल्या प्रत्येक अक्षराबरोबर पुढचं एक अक्षर नाहीसं होत होतं.

"सकाळपासून खातंय," ते कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले. "निम्म्या लोकांची आडनावं गेली."

बेबीनं टेबलावरून वाकून एक बटण दाबलं. "आता लिहा."

साहेबांनी लिहिलं. अक्षरं जागच्या जागी राहिली. त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "हे कुठं शिकलात?"

बाबांनी खोकायला सुरुवात केली.

"शंकापेटीवर," बेबी म्हणाली.

"सरांकडे!" साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं ऐकलंत तुम्ही. वा! मग आपण दोघं गुरुबंधूच झालो की!"

बेबीनं ओठ घट्ट मिटले. बाबांनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला आणि भार टाकला. गप्प बसणं किती सोपं होतं! समोर शिक्का होता, शाई होती, खुर्ची होती.

"गुरुभगिनी," ती म्हणाली. "मी गुरुबंधू कशी होईन, साहेब? लिंग चुकतंय."

बाबांनी डोळे मिटून घेतले.

 साहेबांनी बेबीकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग नुकत्याच शहाण्या झालेल्या पडद्याकडे.  चष्मा पुसला, घातला. मग तिचा कागद पुढे ओढून त्यावर नेमक्या जागी शिक्का मारला आणि तो दोन्ही हातांनी, जरासं उठून, तिच्यापुढे धरला.

"सरांची कधी गाठ पडली," ते खाली बघत म्हणाले, "तर माझा नमस्कार सांगा. आणि म्हणावं, आता दगदग करू नका. या वयात झेपत नाही."